घरच्या माणसाला लायसन कशाला

साडू हा नातेवाईक देवाने कोणत्या रागाच्या भरात निर्माण केला, मला माहीत नाही. भाऊ असता तर वाटणीवरून भांडता आलं असतं, शेजारी असता तर शेताच्या धुऱ्यावरून. साडवाशी भांडायला काही कारणच नसतं, आणि तरी पोटात दुखतं ते त्याच्यामुळेच. माझा साडू राजकुमार सानगडीला राहतो, मी पवनीला. त्याची राईस मिल, माझीही राईस मिल. माझी त्याच्यापेक्षा जुनी आहे, हे वाक्य मी प्रत्येक लग्नात कुठे ना कुठे बसवतो. त्याची बायको कुंता ही माझ्या बायकोची, म्हणजे मंदाची, धाकटी बहीण. तेव्हा मोठा जावई मी. मोठ्या जावयाला आधी वाढायचं असतं, आणि गेल्या वर्षीपर्यंत ते वाढलंही जात होतं.

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही दोघे जावई लाखनीला सासऱ्यांकडे जमलो. सासरे भय्याजी, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, मधे बसले होते. मी उजवीकडे, राजकुमार डावीकडे. मामाजींनी स्वतःच्या हाताने आंबिलीची वाटी उचलली आणि ती माझ्याकडे येता येता राजकुमार म्हणाला, "मामाजी, मी मिलमधी सर्वर बसवला."

सर्वर म्हणजे काय हे मामाजींना माहीत असण्याचं कारण नव्हतं. मलाही नव्हतं. पण तो ज्या सुरात बोलला, त्यावरून घरात काहीतरी मंगल घडलंय एवढं कोणालाही कळलं असतं.

"कोठी बसवला?" मामाजींनी विचारलं.

"ऑफिसात. त्याच्यासाठी वेगळी थंडी खोली केली. आता काट्यावर वजन झालं का ऑफिसात दिसते, गोदामातून पोतं हाललं का ऑफिसात दिसते. लायसन घेतले चार."

"चार लायसन," मामाजी म्हणाले, आणि आंबिलीची वाटी डावीकडे गेली.

परतताना गाडीत मंदा म्हणाली, "बाबाचा हात थरथरते आता. तिकडं गेली त गेली वाटी." हात थरथरतो हे मला मान्य आहे. पण थरथरणारा हातसुद्धा सर्वर असलेल्या जावयाकडेच कसा थरथरतो? त्या रात्री मला झोप लागली नाही. आंबीलही मी फार घेतली नव्हती, त्यामुळे दोष तिलाही देता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी शेजारच्या धनीरामजींकडे गेलो. धनीरामजी तहसीलमधून बाबू म्हणून निवृत्त झाले आहेत आणि जगातल्या कोणत्याही विषयावर त्यांचं मत तयार असतं. सर्वर म्हणजे काय हे त्यांनी दहा मिनिटं सांगितलं, त्यातलं काहीच खरं नव्हतं हे मला पुढे कळलं. पण लायसनबद्दल ते ठाम होते. "सेवकरामजी, सर्वर कोणीबी घेते. लायसन किती, हे पाहतेत लोकं. बंदूक आन बंदुकीचं लायसन, इज्जत कायची असते? लायसनची."

मला एकदम पटलं. राजकुमारचे चार, तर आपले अकरा.

भंडाऱ्याहून योगेंद्र नावाचा सॉफ्टवेअरवाला आला. राजकुमारच्या मिलमध्ये सर्वर त्यानेच बसवला होता. दर आठवड्याला तो सानगडीला जातो, हे त्याने आल्या आल्या सांगितलं आणि मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. त्याने काळी पेटी टेबलावर ठेवली आणि तो समजावू लागला.

"सर, सर्वरचं लायसन वेगळं. आन सर्वरमधी शिराचं लायसन वेगळं."

"घर माह्यं, दार माह्यं, आन आत शिराले परवाना?"

"जो जो शिरन, त्याले."

"आन मालक शिरला त?"

"त मालकालेबी."

माझ्या आजोबांनी बांधलेल्या मिलमध्ये मला परवाना लागणार, हे ऐकून मी काही वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा योगेंद्र पोहे खात होता. खाता खाता त्याने पुढचं सांगितलं. त्याला म्हणतात क्लायंट ॲक्सेस लायसन. ते दोन प्रकारचं मिळतं. एक माणसाचं. ते घेतलं की तो माणूस कोणत्याही मशीनवरून सर्वरमध्ये शिरू शकतो, पण तोच. दुसरं मशीनचं. ते घेतलं की त्या मशीनवर कोणीही बसो, दिवसातून दहा जण बसोत, सर्वर त्यांना आत घेतो.

मंदा दारात उभी होती. मिलचा सगळा हिशेब तीच बघते. कोणत्या शेतकऱ्याचं किती धान आलं, कोणाचा तांदूळ निघाला, कोंडा कोणी नेला, हे सगळं तिच्या डोक्यात असतं आणि उरलेलं ती संगणकात भरते. ती म्हणाली, "आपल्याइथं मशीन तीन. त्याईच्यावर कधी मी बसतो, कधी काट्यावरचा कैलाश, कधी गोदामवाला. मंग मशीनचंच घ्या ना जी."

"सानगडीवाल्यानं कोणतं घेतलं?" मी योगेंद्रला विचारलं.

"मशीनचं."

"मंग मले माणसाचं पायजे."

योगेंद्रने एकदा मंदाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. धंद्याचा माणूस असल्यामुळे त्याने माझ्याकडे बघणं चालू ठेवलं. मशीनला काय मान असतो, मी म्हटलं. मान माणसाचा असतो. यावर तो म्हणाला, "मंग सर, अकरा नावं द्या. आन पक्का विचार करून द्या. एकदा नाव लागलं का तीन महिने बदलत नाही. अंगठ्याची मशीन लावून देतो, म्हणजे राशनच्या दुकानावानी ज्याचा अंगठा त्यालेच आत घेईन."

आता नावं. कोणत्याही शुभकार्यात नावांचा क्रम असतो आणि तो आम्हाला शिकवावा लागत नाही. पहिले मामाजी. मग आमचे मोठे काका, ज्यांनी आयुष्यात संगणकाला हात लावला नाही, पण हात लावला नाही म्हणून माणसाचा मान कमी होत नाही. मग देवळाचे पुजारी. मग माजी सरपंच, कारण आजी सरपंचाला देऊन माजीला दिलं नाही तर तो बोलतो. अर्थात आजी सरपंच. मग धनीरामजी, मूळ कल्पना त्यांची होती. आणखी तीन व्याही-जावई मंडळी. मग मी. आणि सगळ्यात शेवटी, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप होता तो राजकुमार. त्याच्या मिलमध्ये मला लायसन नव्हतं, माझ्या मिलमध्ये त्याला असणार होतं. या विचाराने मला त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या.

वाढताना मंदाने विचारलं, "माह्यं नाव किती नंबरवर हाये?"

मला हसू आलं. "आपल्याच घरच्या लग्नात तुले कोणी पत्रिका देल्ली होती का? घरच्या माणसाले लायसन कायले?"

ती माझ्या पुढ्यातलं वरणाचं भांडं तेवढं आत घेऊन गेली, मी अजून वरण घेतलं नव्हतं तरी.

दसऱ्याच्या दिवशी यंत्रांची पूजा झाल्यावर मिलच्या पटांगणात कार्यक्रम केला. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, आपट्याचं पान आणि प्लास्टिकच्या आवरणात बंद केलेलं लायसनाचं छापील पत्र. नाव पुकारलं की ती व्यक्ती येई, सोनं देई-घेई आणि योगेंद्रच्या यंत्रावर अंगठा ठेवी. हिरवा दिवा लागला की लोक टाळ्या वाजवीत. मोठ्या काकांचा अंगठा घासून घासून गुळगुळीत झालेला, तो काही केल्या लागेना. शेवटी डाव्या पायाचा घेऊ का, असं त्यांनी विचारलं. मामाजींनी अंगठा ठेवताना डोळे मिटले होते. राजकुमारला मी स्वतः शाल पांघरली. तो म्हणाला, "साडभाऊ, मले कायले देता जी? मी कायले येऊन राहिलो तुमच्या मिलमधी?" त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. निदान मी तरी तो पुष्कळ वेळ पाहिला.

दिवाळी झाली आणि धान सुरू झालं. पहिल्याच सकाळी ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली. मंदा खुर्चीवर बसली, अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल दिवा. कैलाशने ठेवला, लाल. गोदामवाल्याने ठेवला, लाल. पडद्यावर लिहून आलं की आपल्याला प्रवेशाची परवानगी नाही. मंदाने ते वाचलं, खुर्ची मागे सरकवली आणि मला म्हणाली, "या. तुमी लायसनवाले."

अख्ख्या मिलमध्ये सर्वर ज्याला आत घेतो असा एकच माणूस हजर होता, आणि त्या माणसाला अक्षरं कळफलकावर कुठे असतात हे माहीत नव्हतं. मी एका बोटाने 'ध' शोधायचो, तोवर बाहेरचा शेतकरी बिडी संपवून दुसरी पेटवायचा. शिवाय थोडा वेळ हात थांबला की सर्वर पुन्हा अंगठा मागायचा. तिन्ही मशीनींवर तीच गत. मग मिलभर एकच आरोळी चालू झाली. काट्यावरून कैलाश ओरडे, "मालक, अंगठा द्या जी." गोदामातून आवाज येई, "मालक, इकडं अंगठा." मी हातातला चहा ठेवून धावायचो, अंगठा टेकवायचो, परत यायचो. कोंड्याची धूळ अंगठ्यावर बसली की तोही लागत नसे, म्हणून मी धोतराच्या धुवट तुकड्यात अंगठा गुंडाळून हिंडू लागलो. आजोबांच्या काळापासून या मिलचा मालक गादीवर बसत आला. माझ्या काळात तो अंगठ्यापुरता उरला.

आणखी एक लायसन विकत घे, असं कोणीही म्हणेल. पण ते योगेंद्रकडून घ्यावं लागलं असतं. योगेंद्र आठवड्याला सानगडीला जाणार, तिथे चहा पिणार, आणि चहा पिताना माणूस बोलतोच. अकरा घेऊनही काम चाललं नाही, हे राजकुमारला कळण्यापेक्षा धावलेलं बरं.

तेव्हा मी दिलेल्यांपैकीच एक गुपचूप परत मिळवायचं ठरवलं. मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ सनई वाजल्यावर एका बाईने ध्वनिमुद्रित आवाजात सांगितलं की, मुदतीआधी नाव बदलायचं असेल तर ती व्यक्ती संस्था कायमची सोडून गेलेली असली पाहिजे, आणि तशी ती गेली असल्यास एक दाबा. मोठे काका समोरच बसून चहात टोस्ट बुडवत होते. त्यांचं वय बघता माझं बोट एकाच्या आसपास थोडं रेंगाळलं, हे मी नाकारत नाही. मग मी फोन ठेवला आणि सरळ त्यांनाच विचारलं.

"देलेला मान परत मांगून राहिला का?" काका म्हणाले. त्यांनी ते पत्र चौकट करून देवघरावर लावलं होतं. माजी सरपंचांनी नातवाच्या लग्नपत्रिकेत आपल्या नावापुढे 'लायसनधारक' असं छापून घेतलं होतं, आता पत्रिका कशा बदलणार? पुजारी म्हणाले, देवाच्या नावाने घेतलेलं परत केलं तर तुम्हालाच बाधेल. धनीरामजी म्हणाले, "मले त लागते. मी रोज पाहतो सर्वरमधी. म्हणजे पाहीन." मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, एखाद्याचा मृत्यूचा दाखला तेवढ्यापुरता मिळतो का ते तहसीलमध्ये बघू का? मी घरी परत आलो.

घरी मंदा पिशवी भरत होती. कुंताचा फोन आला होता. राजकुमारचा हिशेबनीस बहिणीच्या लग्नासाठी गावी गेला, ऐन हंगामात मिल अडली, ताई चार दिवस येतेस का?

"आन इथलं?" मी विचारलं.

"इथं माह्यं काय काम हाये? अकरा जण हायेत तुमच्यापाशी. त्याईले बलवा." एवढं बोलून ती सानगडीला जायला लाखांदूरच्या गाडीत बसली.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगण्यात माझीच बेइज्जती आहे. अंगठा माझा चालत होता, पण आत शिरल्यावर काय करायचं हे मंदाला माहीत होतं. मी आलेलं धान तांदळाच्या रकान्यात भरलं. सर्वरच्या म्हणण्याप्रमाणे आमची मिल धान न घेताच तांदूळ काढत होती. एकाचा बारीक तांदूळ दुसऱ्याच्या गाडीत गेला, आणि ज्याचा गेला तो माझ्यासमोर खाट टाकून बसला. रांगेतले दोन ट्रॅक्टर वळून दुसऱ्या मिलकडे गेले. त्यातला एक शेतकरी आमच्याकडे वडिलांपासून येणारा. जाताना म्हणाला, "बाई आल्या का सांगजा. मंग येतो." मालक इथे उभा आहे, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही.

त्याच संध्याकाळी मामाजींचा फोन आला. "जवाईबापू, मंदा सानगडीले हाये म्हणते? राजकुमार सांगून राहिला होता का तिनं त्याची मिल अशी लाइनीत आणली, का बस. हुशार पोरगी. त्याचं नशीब चांगलं."

त्याचं नशीब. आतापर्यंत त्याच्याजवळ सर्वर होता, थंड खोली होती, आंबिलीची वाटी होती. ते सगळं मी सोसलं होतं. पण मंदा माझी. तिच्या हुशारीचं कौतुक सासऱ्याने राजकुमारच्या नशिबात जमा करावं, हे मला सोसवेना.  मी कैलाशला मिल बंद करायला सांगितली आणि गाडी काढली. वाटेतल्या दिघोरीपर्यंत मी राजकुमारला काय काय बोलायचं ते ठरवत होतो. दिघोरीनंतर लक्षात आलं की त्याने काहीच केलेलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्याच्या ऑफिसात मंदा खुर्चीवर बसली होती. चष्मा नाकावर, पदर खोचलेला. गाडीवाले एकेक येऊन चिठ्ठी ठेवत होते आणि "हो ताई, बरं ताई" म्हणत जात होते. राजकुमार, मालक, बाजूला उभा राहून तिला विचारत होता, "मंदाताई, हे कोंड्याची गाडी सोडू का जी?" ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "थांबा जरा." आणि तो थांबला.

मला पाहून तो पुढे आला. "साडभाऊ, या, बसा. मी मंदाताईले म्हणून राहिलो का हंगामभर राहा. आमच्याइथं काही त्रास नाही. मशीनचं लायसन हाये, जो बसला त्याले घेते."

"चाल घरी," मी मंदाला म्हणालो.

"कायले?"

"मिल बंद हाये."

"काहून? लायसनवाले नाही आले का?"

राजकुमारने तोंड खिडकीकडे फिरवलं, पण त्याचे कान माझ्याकडेच होते. मी म्हटलं, चूक झाली, घरी गेल्यावर तुझं बघतो काहीतरी. ती म्हणाली, "घरी गेल्यावर नाही. इथूनच फोन लावा योगेंद्रले. आन फोन उघडा ठेवा, सगळ्याईले आयकू या."

मी राजकुमारकडे पाहिलं. खोलीत तो होता, कुंता चहाचा ट्रे घेऊन दारात होती, दोन गाडीवाले होते. ज्या माणसाला हे कळू नये म्हणून मी अंगठा फडक्यात गुंडाळून पंधरवडाभर धावलो, त्याच्याच खोलीत उभं राहून मी फोन लावला. 

"बोला सर," योगेंद्रचा आवाज सगळीकडे घुमला. "अकराबी चालून राहिले ना?"

"आणखी तीन पाठव. मशीनचे."

"मशीनचे? सर, तुमी त म्हणत होते का मशीनले मान नसते."

"पाठव म्हटलं ना."

"पाठवतो. पण लावाआधी लिहा लागते, सर. मेन मशीनवर जास्त करून कोण बसणार?"

मंदाने बोटं कळफलकावरून उचलली. गाडीवालेही थांबले. 'माझी बायको' असं म्हणून मोकळं होता आलं असतं, ओठावर तेच आलं होतं. पण तिच्याकडे पाहिलं आणि जमलं नाही.

"मालकीण," मी म्हणालो. "मिल तीच चालवते. लिही तसंच."

 कुंताने ट्रे टेबलावर जरा जोरात ठेवला आणि आपल्या नवऱ्याला विचारलं, "आयकलं का जी? आन मी इथं आठ वर्षांपासून नुसता चहाच आणून राहिली." राजकुमारचा चेहरा दसऱ्याला पडला होता त्याहून खाली आला. मी तो चहा पूर्ण प्यालो. बशीत ओतून, सावकाश.

मंदा परत आली. मशीनची लायसनं लागली, रांग पुन्हा रस्त्यापर्यंत गेली, तो खाटेवाला आपला बारीक तांदूळ घेऊन गेला. माझा मत्सर गेला असं मात्र समजू नका. राजकुमारवरून तो उठला एवढंच. आता लोक येतात, माझ्यासमोरून जातात आणि विचारतात, "बाई हायेत का?" सर्वरमध्ये मला कोणत्याही मशीनवरून शिरता येतं, तसं पत्रच आहे माझ्याजवळ. पण शिरून करायचं काय, हे मला अजून तिला विचारावं लागतं.

परवा ऑफिसातला फोन वाजला. मंदाचे दोन्ही हात कामात होते, म्हणून मी उचलला. मामाजी होते.

"कोण बोलून राहिलं?"

"मी, सेवकराम."

"हां. मंदा कामात असन. तिले सांगजा, संक्रांतीले बाबानं बलावलं म्हणा. मोकळी असन तवाच येजो म्हणा, मिल सोडून नोको येऊ." फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "तुमीबी या मंग तिच्यासंगं."

बरं म्हणून मी फोन ठेवला. मंदा वजनं भरत होती, तिच्यासमोर तिघे जण उभे होते. मामाजींचा निरोप सांगायला मी त्यांच्या मागे चौथा उभा राहिलो.